परतीचं वजन

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! बस तळाच्या फाटकाशी थांबली तेव्हा मामा जीपच्या बॉनेटवर बसून पाय हलवत होता. साठीला टेकला, तरी बसण्याची तऱ्हा तीच, मला शाळेतून आणायला यायचा तेव्हाची. माझी बॅग उचलून बघितली आणि म्हणाला, ठमे, यात काय दगड भरलेस का, म्हैस उठायची नाही हिच्याने. म्हैस म्हणजे त्याचं हेलिकॉप्टर. इथे सगळे तिला म्हैसच म्हणतात.

आणि काय आहे ती! फोटोत बघितली होती, पण फोटोत तिच्याशेजारी माणूस उभा नव्हता. मी जाऊन उभी राहिले तर नुसतं चाकच माझ्या कमरेला लागलं. मागचं दार उघडून खाली टेकवलं की अख्खा ट्रक सरळ पोटात जातो. पाती इतकी लांब की थांबलेली असताना आपल्याच वजनाने खाली वाकतात, त्यामुळे ती उभी असली की दमूनभागून आल्यासारखी दिसते. आजवर मी उडवली ती तीन माणसांची चिमुकली हेलिकॉप्टरं, शेतांवर औषध फवारायची. तिकडून इकडे येणं म्हणजे सायकलवरून उतरून थेट आगगाडी हाकायला बसणं.

राहायला पत्र्याची लांब चाळ आहे, तिच्या टोकाची खोली माझी. लोखंडी खाट, टेबल, एक खिळा, आणि खिडकीतून समोर म्हैस. मामाने टेबलावर नवा दिवा आणून ठेवलाय आणि चादर स्वतः धुऊन अंथरलीय. मामा धुणं धुतो ही बातमी आईला सांगायलाच हवी.

संध्याकाळी बाकीचे दोघे भेटले. एक तात्या. ते इंजिनिअर. अंगाने काटकुळे, चष्मा कायम कपाळावर. उड्डाणभर आम्हा दोघांच्या मागे बसून यंत्राचे काटे बघत राहायचं हे त्यांचं काम. दुसरा पैलवान, तो माल चढवतो, बांधतो, उतरवतो. नुसतं बघून घाबरावं असा देह, पण बोलायला लाजतो. हे तिघे एकत्र उडायला लागले तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. चौथी जागा सहवैमानिकाची. ती आता माझी.

आईला फोन केला. ती या नोकरीला आधी तयारच नव्हती. मामाने तिला समजावलं, ताई, पोर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहे, आणखी काय पाहिजे तुला? मग विरघळली. मामाने लग्न केलं नाही. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी हाच त्याचा संसार. आई म्हणाली, तो सांगेल ते ऐक, उलट बोलू नकोस. म्हटलं, हो गं बाई.

७ नोव्हेंबर

अजून जमिनीवरच आहे. मामा मला खुर्चीत बसवतो, डोळ्यांवर रुमाल बांधतो आणि हे बटण कुठे, ती कळ कुठे, असं विचारत सुटतो. चुकले की डोक्यात टपली. तिशी ओलांडलेल्या बाईला टपली मारणारा कॅप्टन आणखी कुठे मिळणार!

डाव्या हाताशी एक जाड दांडा आहे. तो वर ओढला की म्हैस उठते, खाली सोडला की बसते. वजन जितकं जास्त तितका दांडा वर, आणि तितकी इंजिनांची मेहनत जास्त. ती मेहनत दाखवणारा एक काटा तात्यांच्या समोर असतो. लांब पल्ल्याची गंमत अशी, की निघताना टाक्या तुडुंब असतात, म्हणून म्हैस कुरकुरत उठते. मग इंधन जळत जातं, ती हलकी होत जाते, आणि दांडा जरा जरा खाली सोडावा लागतो. पोचेपर्यंत वारा प्यायल्यासारखी पळते. मला हे फार आवडलं. घरापासून लांब जावं तसतसं हलकं होत जायचं.

मेस पैलवानची लेक चालवते. माझ्याच वयाची. हात चालू, तोंड त्याहून चालू. तिच्याशी पहिल्या जेवणातच गट्टी जमली. तिने सांगितलं, माझ्याआधी त्या खुर्चीत तिचा नवरा होता. एका सकाळी फेरीवर गेला तो परत आलाच नाही. पलीकडे खाणीवरच्या कुठल्याशा बाईबरोबर पळून गेला, असं तिच्या वडिलांनीच येऊन तिला सांगितलं. पातेलं घासता घासता सांगत होती, जशी काही शेजारणीची गोष्ट. म्हणाली, पळायचं तर पळावं, पण निदान भांडून तरी जावं ना, मला भांडायलाही काही ठेवलं नाही मेल्याने.

१० नोव्हेंबर

आज पहिली फेरी झाली!

आमचं काम असं. इथून माल घ्यायचा आणि पलीकडच्या खाणीवर पोचवायचा. मध्ये मिठाचं मैदान. कधीकाळी समुद्र होता म्हणे. वरून बघितलं तर डोळा पोचेल तिथवर पांढरं, आणि त्यावर हलणारी एकच गोष्ट, आमची सावली. वरचा मिठाचा पापुद्रा चाकाखाली फुटतो आणि खाली चिखल, म्हणून गाडी जात नाही. सगळी सकाळ खर्ची पडते तेव्हा पलीकडचा डोंगर दिसतो.

अर्ध्या वाटेवर पत्र्याची एक शेड, गंजलेली पिंपं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, तीही फाटकी. हा मधला अड्डा. पूर्वी इथे उतरून इंधन भरत. आता टाक्या मोठ्या बसवल्यात, म्हणून उतरावं लागत नाही. मामा तर त्याच्यावरूनही जात नाही, जरा वळसा घालून जातो. मी बोट दाखवलं तर म्हणाला, समोर बघ.

अड्डा मागे पडला आणि थोड्या वेळात म्हैस दबली. होडीत कुणी पाय ठेवला की होडी कशी दबते, तशी. मामाने दांडा वर ओढला. पुन्हा दबली. पुन्हा ओढला. तात्यांचा काटा चढत गेला. मी इंधन बघितलं, ते बरोबर जळत होतं. म्हणजे आम्ही हलके व्हायला हवे होतो. तात्या म्हणाले, ऊन तापलं की हवा पातळ होते, पंख्याला धरायला काही मिळत नाही. खरं आहे ते, पुस्तकातही आहे. पण हवा हळूहळू पातळ होते. अशी एकेक पायरी चढत नाही.

जाऊ दे. पहिलीच फेरी, मला काय कळतंय! उतरवताना मामाने दांडा माझ्या हातात दिला. नीट उतरवली. पैलवानने मागे येऊन पाठीवर थाप मारली, अजून झिणझिण्या येतायत.

१३ नोव्हेंबर

आज परत येताना पोट रिकामं होतं. एक खोकंसुद्धा नव्हतं. तरी अड्डा ओलांडल्यावर तेच. उलट जास्तच.

आणि एक गोष्ट लक्षात आली. पैलवानची बसायची जागा मागे, मालापाशी आहे. पण अड्डा जवळ आला की तो पुढे आमच्यात येतो, मधलं दार लावतो, दाराला पाठ लावून उकिडवा बसतो. एवढा मोठा माणूस एवढ्याशा जागेत. मी चेष्टेने म्हटलं, पैलवान, मागे उंदीर आहेत का? त्याने पाठ दारावर आणखी घट्ट दाबली.

तळावर उतरलो, इंजिनं बंद केली. पैलवानने बाहेरून जाऊन मागचं दार उघडलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. उतरवायला आत काहीच नव्हतं. आणि तरीही म्हैस चाकांवर अलगद वर उचलली गेली. थांब्यावर बसमधून गर्दी उतरली की बस होते ना, तशी.

मामाला विचारलं. म्हणाला, चाकांचे दांडे जुने झालेत, तेल भरायला हवं. मग माझ्या केसांतून हात फिरवून, दमलीस तू, जेवून घे, म्हणाला. आणि मी खरंच गेले जेवायला. मामाने सांगितलं की मी ऐकते. लहानपणापासूनची सवय आहे ती.

१५ नोव्हेंबर

दाराला कडी घातलीय. सगळं लिहून काढते.

परतीची फेरी, पोट रिकामं. अड्डा ओलांडला, म्हैस दबायला लागली. पैलवान दाराशी बसला होता, पण गुंगी येऊन बाजूला कलला होता, मान छातीवर पडलेली. मी हेडफोन काढला, त्याच्या पायांवरून पलीकडे पाय टाकला आणि दार उघडलं. मामा ओरडला असणार. आवाजात काही ऐकू आलं नाही.

आत दोन्ही भिंतींना कापडी बाकं आहेत, माणसं न्यायची झाली तर बसायला. रिकाम्या बाकाचं कापड ताठ असतं. आज ते खाली झोळलेलं होतं. जागोजागी. एक मोठा झोळ, त्याच्याशेजारी मोठा झोळ, मध्ये एक लहान, पुन्हा मोठा. दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत. वर कुणी नाही. जमिनीवर पांढरं मीठ सांडलेलं आणि त्यात पावलं.

मी तशीच उभी. मग माझ्या सर्वांत जवळचा झोळ हळूच वर आला आणि कापड ताठ झालं. म्हणजे तिथलं कुणीतरी उठून उभं राहिलं होतं.

पैलवानने मला मागून कंबरेला धरून आत ओढलं. दार लावताना तो रडत होता.

१६ नोव्हेंबर

मामाने सगळं सांगितलं. हँगरच्या मागे, दुपारी, पिंपावर बसून.

बऱ्याच वर्षांपूर्वी खाणीत पाणी शिरलं. कामगार, त्यांच्या बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळी एका फेरीत बाहेर काढायची होती. मामा, तात्या आणि पैलवान गेले. माणसं चढतच राहिली, कुणाला नाही म्हणायचं? मैदानाच्या मध्यावर एक इंजिन खोकायला लागलं. मामाने म्हैस अड्ड्यावर उतरवली आणि निम्म्या लोकांना खाली उतरायला लावलं. यांना सोडून येतो आणि लगेच तुम्हाला न्यायला येतो, असा शब्द दिला. तळावर पोचले तर इंजिन पार गेलेलं. ते बदलून परत जाईपर्यंत फार उशीर झाला. तिथे कुणी जिवंत नव्हतं. आपल्या हातांनी पुरलं त्यांना, म्हणाला.

मग मामा हुंदके देऊन रडला. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. म्हणाला, तेव्हापासून ते चढतात. मार्ग बदलून बघितला, तरी चढतात. रजा घेऊन तुमच्या घरी येऊन राहिलो, तर शेजारची गादी दबते. एक दिवस म्हैस एवढी जड होईल की ती खाली जाईल, आणि आम्ही तिच्यात.

मला भीती वाटायला हवी होती. मला माझ्या मामाची दया आली. त्याचा काय दोष? इंजिन त्याने का बिघडवलं होतं? मी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, मामा, मला आधीच सांगायचंस. यातून तुला मी बाहेर काढीन. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग मान खाली घातली.

१८ नोव्हेंबर

मामाने उपाय शोधलाय. एकदा अड्ड्यावर उतरायचं. इतक्या वर्षांत कुणी उतरलेलं नाही, असं तो म्हणतो. उतरून त्यांच्यासमोर हात जोडायचे, चुकलं म्हणायचं. घरातलं माणूस सोबत असलं तर बळ येईल, म्हणाला. परवा जाऊ. मी एका पायावर तयार.

तात्या आज विचित्र वागले. मला एकटीला गाठून विचारलं, आईशिवाय कोण कोण आहे तुला? म्हटलं, मामा. ते हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ इथे रेडिओवर कामाला होता, आता नाही. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, परवा पोट दुखतंय म्हण, ताप आलाय म्हण, काही म्हण, पण खाटेवरून उठू नकोस. कारण विचारलं तर चष्मा डोळ्यांवर ओढून निघून गेले.

मी हे मामाला सांगितलं. मामापासून काय लपवायचं? तो म्हणाला, तात्यांचं मन आता थाऱ्यावर नाही, बिचारे.

२० नोव्हेंबर

ते गेले.

मला सोडून गेले.

नीट लिहिते. वही मांडीच्या खिशात होती म्हणून लिहिता तरी येतंय. अड्ड्यावर उतरलो. पाती फिरतच होती. मामा म्हणाला, तू पुढे हो, मी इंजिनं थांबवून येतो. मी उतरले, पैलवानने खाली उतरायला हात दिला. त्याने माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता, ते आता कळतंय. मी शेडपर्यंत चालत गेले. मागे आवाज वाढला. मला वाटलं, इंजिन बंद करताना होतो तसा. वळून बघते तर चाकं जमिनीपासून सुटली होती.

मी धावले. मिठाचा असा लोट उठला की काही दिसेना. मी हात वर करून धावत होते आणि ओरडत होते, मामा, मी खाली आहे! मी राहिलेय! जसं काही तो चुकून विसरला होता.

मीठ खाली बसलं तेव्हा ती लांब गेली होती. हलकी. पाण्यावरून दगड जावा तशी सरसर.

मी उतरले होते त्या जागी पाण्याचा एक कॅन ठेवलेला आहे. झाकणाला फडकं गुंडाळून, नीट. एवढी माया.

संध्याकाळ. कुणी आलं नाही. इथे एकही थडगं नाही. सगळीकडे फिरून बघितलं. मिठात उघडी हाडं आहेत, कुणालाही पुरलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

ते दिसतात. आता दिसतात.

सकाळी शेडच्या सावलीत बसलेले होते, ओळीने. गाठोडी मांडीवर. गाडीची वाट बघत बसावं तसे. मी किंचाळले तर त्यांनी मला जागा करून दिली.

एक म्हातारी आहे. तिने विचारलं, तू कुणाची गं? म्हटलं, कॅप्टनची भाची. तिचं तोंड उजळलं. तिने पुढे सांगितलं, त्यांनी त्याच्या पुढे. सगळी ओळ हसायला लागली. कॅप्टनची भाची आहे! म्हणजे आता तो स्वतः येईल!

मला समजेना. मग एका तरुणाने समजावलं. अंगावर आमच्याच कंपनीचा शर्ट. पैलवानचा जावई. हो, तोच. कुठल्याही बाईबरोबर गेलेला नाही. त्याला सासऱ्याने हाताने धरून उतरवलं होतं. त्याच्या शेजारी तात्यांचा भाऊ बसलेला.

म्हशीत चढून या तिघांचं बोलणं ऐकून त्याला कळलेलं, ते असं. मामा परत आलाच नव्हता. कधीच नाही. इंजिन बिघडलं होतं हे खरं, बाकी सगळं खोटं. तळावर वरिष्ठांनी विचारलं, सगळे आणले का? माणसं मैदानात उतरवली म्हटलं असतं तर उडायचा परवाना गेला असता. मामाने सांगितलं, सगळे आणले. आणलेल्यांना, मागच्यांना दुसऱ्या तळावर नेलंय, असं सांगून त्यांच्या गावी धाडलं. तात्या आणि पैलवान गप्प राहिले. म्हणून कुणी शोधायला आलं नाही. पुढे म्हैस दुरुस्त होऊन इथूनच गेली, माल घेऊन. हे सगळे हात हलवत उभे होते. तिने वळसा घातला.

ही माणसं चिडलेलीसुद्धा नाहीत. म्हातारी म्हणाली, आम्ही त्याचे कुणी नव्हतो ना, म्हणून तो आला नाही. त्याचं आपलं माणूस इथे असलं तर येईल. म्हणून ते चढून वजन देतात. रात्री त्या तिघांच्या उशाशी बसून माणूस मागतात. माणूस मिळालं की खाली उतरून वाट बघत बसतात. पहिल्यांदा तात्यांनी भाऊ दिला. आला नाही कुणी. मग पैलवानने जावई दिला. आला नाही कुणी.

मी म्हटलं, माझा मामा येईल.

हे मी का म्हटलं? कालचं सगळं डोळ्यांनी बघून. तरी म्हटलं. आणि म्हणताना मला ते खरंच वाटत होतं.

२२, नाहीतर २३

पाणी संपलं.

आई फोन करत असेल. मामा तिला काय सांगेल? पळून गेली म्हणेल. कुणाबरोबर तरी. आणि तिला ते खरं वाटेल, कारण सांगणारा तो आहे.

ऊन. मीठ डोळ्यांत. पैलवानचा जावई बायकोबद्दल विचारत होता. भांडून जायला हवं होतं म्हणाली, असं सांगितलं. तो खूप हसला. मग तोंड झाकून

मामाने टपली मारली तेव्हाही त्याला माहीत होतं. चादर अंथरली तेव्हाही. आईला शब्द दिला तेव्हा — तेव्हाच. शेजारची खुर्ची म्हणाला होता. त्याने मला नोकरीला नाही —

आता तहान लागत नाही. कधीपासून, ते आठवत नाही.

शेडच्या मागे कुणीतरी पालथं पडलंय. पायांत माझे बूट. मी बघायला गेले नाही.

तारीख माहीत नाही

आम्ही वाट बघतोय.

म्हैस दोनदा गेली. दोन्ही वेळा सगळे उठून उभे राहिले, माझ्याकडे बघायला लागले. मी हात हलवला. ती वळसा घेऊन गेली.

म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, तुझाही आला नाही गं.

पुढे

मी चढले. आम्ही सगळे चढलो. काही करावं लागत नाही, नुसतं तिच्याकडे बघत राहायचं, मग पायाखाली मीठ नसतं. कापडी बाकावर बसलेय. म्हातारी शेजारी. भिंतीला हेडफोन लटकतोय. त्यातून ते पुढे बोलतायत ते ऐकू येतंय. लिहून घेते.

तात्या म्हणाले, "कॅप्टन, काटा चढतोय. या वेळी फार लवकर आले."

मामा म्हणाला, "दिसतंय मला."

"आता कुणाला? माझं तर कुणी उरलं नाही. पैलवानची एकुलती लेक..."

"तिचं नाव काढायचं नाही," पैलवान ओरडला. "आधीच सांगतोय. एकाला दिलंय मी माझ्या."

 मग मामा. अगदी सहज. जेवायला काय आहे विचारावं तसा.

"ताईला बोलावतो. पोरीचा ठाव लागला म्हणतो, चल भेटवतो म्हणतो. धावत येईल."

आई.

आई येईल. मी दिसेन असं वाटेल तिला. चपला घालायचंही भान राहणार नाही आणि ती —

नाही

उठले. मधल्या दाराशी पैलवान पाठ लावून बसलाय. त्याला कळलं नाही मी कशी आले. तात्यांना कळलं. त्यांचा चष्मा खाली पडला. ते मान हलवतायत, हो, हो, अशी.

मी मामाच्या खुर्चीच्या मागे. मानेवरचे केस पिकलेत त्याचे. उजव्या हाताने लिहितेय. डावा हात त्याच्या हातावर ठेवला, दांड्यावर. गरम आहे त्याचा हात. तो दचकला. ओढतोय वर. माझ्यामागून सगळे आले, म्हातारी, जावई, पोरं, सगळ्यांचे हात माझ्या हातावर, आणि दांडा खाली जातोय, खाली, समोर पांढरंच पांढरं, आणि मामा मागे वळून माझ्याकडे बघतोय आणि म्हणतोय की मी तुला न्यायलाच ये